आईच्या आतड्यातले जीवाणू आणि लेकराचा स्वभाव: खरं किती, फुगवलेलं किती?

मांजराकाठची

लातुरात सध्या एक मेसेज या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरायलाय. गरोदर बाईनं अमुक एक प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत जीवाणूंची) पावडर नऊ महिने घेतली की लेकरू शांत आणि हुशार निपजतं, ऑटिझम जवळ फिरकत नाही. कारण म्हणे 'बाळाचा मेंदू आईच्या पोटातले जंतू घडवतात हे परदेशात सिद्ध झालंय'. माझी भावजय पाचव्या महिन्यात आहे. तिच्या माहेरी पावडर मागवायचं घाटतंय, आणि मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर निवाडा माझ्या गळ्यात आलाय.

मेसेज पूर्ण खोटा असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. तो निम्मा खरा आहे, तीच अडचण. म्हणून जे वाचलंय ते इथं मांडते. इथं डॉक्टर मंडळी आहेत, शेतीवाले आहेत, त्यांनी भर घालावी.

सुरुवात जपानपासून. २००४ साली क्युशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुदो यांच्या गटानं जंतुविरहित उंदीर घेतले. हे उंदीर जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवतात, आतड्यात एकही जीवाणू नसतो. त्यांना थोडा वेळ जखडून ठेवलं तर ताणाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त उसळली. नेहमीचे जीवाणू लहानपणी दिले तर हा फरक काहीसा भरून निघाला, मोठेपणी दिले तर नाही. म्हणजे जंतू हवेत, आणि वेळेवर हवेत. पुढे २०११ मध्ये स्वीडनच्या गटाला असे उंदीर जास्त हिंडणारे आणि कमी भित्रे दिसले. पण हे सगळं पिलाच्या स्वतःच्या जंतूंबद्दल झालं. आईच्या जंतूंचं काय?

ते २०२० मध्ये नीट समोर आलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इलेन सिआओ यांच्या प्रयोगशाळेनं गाभण उंदरिणींचे जीवाणू अँटिबायोटिकनं काढून टाकले, काही उंदरिणी तर मुळात जंतुविरहितच घेतल्या. मग पिलांचे मेंदू गर्भातच तपासले. थॅलॅमस नावाच्या भागातून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जे तंतू जातात, अंगावरच्या स्पर्शाची खबर पुढं नेणारे, ते कमी वाढलेले निघाले. ही पिलं मोठी झाली तेव्हा पंजाला होणारा त्रासदायक स्पर्श त्यांना कमी जाणवत होता. बाकी बहुतेक हालचाली-वागणं साध्या उंदरांसारखंच. आता खरी गोष्ट पुढं आहे. जीवाणू जे रेणू बनवतात त्यातले मोजके चार रेणू त्यांनी जंतू नसलेल्या उंदरिणींना दिले, आणि पिलांचे तंतू बऱ्यापैकी नीट वाढले. जंतू स्वतः गर्भात गेलेच नव्हते. शेजारच्या घरातला फोडणीचा वास आपल्या घरात येतो, त्यासाठी शेजारीण यावी लागत नाही, तसं.

दुसरा प्रयोग २०१६ चा, ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमधला. उंदरिणींना फार तेलकट-चरबीचं खायला घातलं. त्यांची पिलं एकलकोंडी झाली, दुसऱ्या उंदराशी ओळख करायला जाईनात. त्यांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जीवाणू फारच कमी झाला होता. तो पाण्यातून दिला, पिलं बरीच सुधारली. त्याआधी त्यांनी आणखी सोपा उपाय करून पाहिला होता: या पिलांना साध्या उंदरांसोबत एका पिंजऱ्यात ठेवलं. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून जंतू गेले आणि काही आठवड्यांत पिलं माणसात आली. उंदरात आली म्हणू.

माणसांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात बारवॉन नावाचा अभ्यास आहे, जिलाँग शहराच्या आसपासच्या आया आणि लेकरांचा. २०२१ मध्ये त्यातल्या दोनशेवर आयांचं विश्लेषण आलं. शेवटच्या तिमाहीत ज्या आयांच्या आतड्यात जीवाणूंचे प्रकार कमी होते, त्यांच्या दोन वर्षांच्या लेकरांत भित्रेपणा, उदासपणा, आतल्या आत कुढणं जास्त दिसलं. एकत्र दिसलं, एवढंच. यामुळे ते झालं असं त्या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

माझं मत: आतड्याचा आणि गर्भातल्या मेंदूचा संबंध आहे. पण तिथून एका डब्यापर्यंत उडी मारायला मधे पूलच नाही. बोला.

हुरडा_पार्टी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचतो.

कयाधूकाठ

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. पोटातले जंतू म्हणजे जंतच ना? आमच्या हिंगोलीकडं जंताची गोळी देतात गरोदर बायांना. मग ती द्यायची का नाही?

मांजराकाठची

@कयाधूकाठ, नाही हो. जंत म्हणजे कृमी, डोळ्यांना दिसणारे, काही तर रक्त पिणारे. मी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवाणूंबद्दल लिहिलंय. गोळीचं आशाताई किंवा डॉक्टर सांगतील.

डॉ_बालाघाट

अंबाजोगाई परिसरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मूळ लेख चांगला उतरलाय. दोन-तीन गोष्टी घालतो, कारण असले मेसेज वाचून लोक काय करतात ते रोज ओपीडीत बघतो.

पहिली. गर्भ जंतुविरहित असतो की नाही यावर बरीच वर्षं भांडण चालू होतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं सांगितलं की वारेत जीवाणूंची स्वतःची वस्ती असते. खूप गाजलं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटानं पाचशेहून जास्त वारा तपासल्या आणि दाखवलं की तशी वस्ती नाही, जे सापडलं होतं ते बहुतेक प्रयोगाच्या रसायनांतून आणि प्रसूतीच्या वेळी लागलेलं होतं. म्हणून ताईंचं वासाचं उदाहरण बरोबर आहे. जातात ते रेणू. आणि आईच्या प्रतिकारशक्तीचे निरोप.

या निरोपांचा प्रयोग मला सगळ्यात जास्त पटतो. गाभण उंदरिणीला विषाणूचा संसर्ग झाल्याचा आभास निर्माण करणारं इंजेक्शन देतात. तिला ताप-बीप येतो, पिलं पुढं ऑटिझमसारखं वागतात, एकच कृती परत परत करतात. २०१७ मध्ये असं दिसलं की हे प्रत्येक उंदरिणीत होत नाही. आतड्यात एक विशिष्ट धाग्यासारखा जीवाणू असेल तरच होतं. तो जीवाणू तिच्या काही पांढऱ्या पेशींना आधीच तापवून ठेवतो, मग संसर्ग आला की त्या आयएल-१७ नावाचा रेणू भसाभस सोडतात आणि तो गर्भाच्या मेंदूपर्यंत त्रास देतो. एकाच जातीचे उंदीर, पण एका पुरवठादाराकडच्यांत हा जीवाणू होता, दुसऱ्याकडच्यांत नव्हता, तेवढ्यावरून निकाल बदलला. उंदरांत ही गत, तर आपल्या माणसांत, ज्यांचं पाणी, अन्न, घर सगळं वेगळं, तिथं एक पावडर सगळ्यांना कशी लागू पडेल?

दुसरी, आणि ही कळकळीची. 'अँटिबायोटिकनं जंतू मरतात, बाळाचा मेंदू बिघडतो' असं वाचून एका पेशंटनं लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या दोन दिवसांत बंद केल्या. थंडी वाजून ताप, कंबरेत कळा, संसर्ग मूत्रपिंडात. अॅडमिट करावं लागलं. गरोदरपणात लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूला असलेला धोका हा उंदरावरचा अंदाज नाही, रोज डोळ्यासमोर दिसणारी गोष्ट आहे. सर्दीला स्वतःच्या मनानं मेडिकलवरून अँटिबायोटिक आणू नका, आणि डॉक्टरनं दिलेलं अर्ध्यात सोडू नका. दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवा.

तिसरी, सिझरची. सिझरनं झालेल्या लेकरात ऑटिझम थोडा जास्त दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत येतं, मग लगेच 'आईचे जंतू मिळाले नाहीत म्हणून' असं जोडून देतात. स्वीडनमध्ये २०१५ साली सुमारे सत्तावीस लाख जन्मांची नोंद तपासली. सख्ख्या भावंडांची तुलना केली, एक सिझरचं आणि एक नॉर्मल, तर फरक उरलाच नाही. म्हणजे कारण घरात, आनुवंशिकतेत, आईच्या तब्येतीत कुठंतरी होतं, ऑपरेशनच्या टेबलावर नव्हतं.

नुस्ता_प्रश्न

म्हणजे आपले पूर्वज बरोबरच होते की! गर्भसंस्कार! अभिमन्यूनं पोटात असताना चक्रव्यूह ऐकला तो काय उगाच?

मांजराकाठची

@नुस्ता_प्रश्न, येणारच होता अभिमन्यू, वाटच बघत होते. चक्रव्यूह भेदायचा कसा ते कळलं आणि बाहेर पडायचं राहिलं, का तर म्हणे सुभद्रेला डुलकी लागली. सांगणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी उरलेलं का सांगितलं नाही ते कुणी विचारत नाही. दोष शेवटी बाईच्या झोपेला.

आतड्यातल्या जीवाणूंना श्लोक ऐकू येत नाहीत. त्यांना जे खायला मिळतं त्यावर त्यांचं चालतं.

कोयता_नको_पेन

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोड कामगार, मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. सगळं वाचलं. चांगलं आहे. पण माझ्या डोळ्यापुढं दुसरंच चित्र यायलं.

आमच्याकडं दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल जोडीनं घेतलेली असते, त्यामुळं बाई पोटुशी असली तरी थांबता येत नाही. एक थांबलं की अर्धा कोयता, आणि एक दिवस चुकला की खाडा कापला जातो. आठव्या महिन्यातल्या बाईला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमधी चढताना मी बघितलंय. पहाटे उठून कोपीपुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायच्या, चटणी बांधायची, अंधारातच फडात. तीच भाकर दुपारी, उरली तर रात्री. भाजी आठवड्याच्या बाजारी.

आणि पाणी. डॉक्टरसाहेब, तुम्ही लघवीच्या संसर्गाचं लिवलं म्हणून सांगतो. फडात संडास नसतो. बाया मुद्दाम पाणी कमी पितात, दिवसभर आवरून धरतात. जळजळ व्हायला लागली की जवळच्या गावातून कुणीतरी गोळ्या आणून देतं, नाव माहीत नाही, दोन खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. २०१९ साली आमच्या बीडच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, समिती नेमली. त्याची सुरुवात अशाच अंगावर काढलेल्या दुखण्यातून होते.

मग उंदरिणीला काय दिलं अन् पिलू कसं झालं याची बातमी आमच्या बायांपर्यंत पोचल तवा पोचल. या बायांच्या आतड्यातले जंतू कोण मोजणार?

हुरडा_पार्टी

वाचलं. वरच्या प्रतिसादापुढं काय लिहावं कळंना. +१.

डॉ_बालाघाट

@कोयता_नको_पेन, मास्तर, तुम्ही लिहिलंत ते एका वाक्यात वैद्यकीय भाषेत: ताण, अपुरं अन्न, वारंवार संसर्ग आणि अर्धवट अँटिबायोटिक. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आईचे जंतू बिघडवायला नेमक्या याच गोष्टी वापरतात. कुणी ठरवून प्रयोग रचला तरी इतका रचता येणार नाही.

अवांतर: जगातले असले बहुतेक अभ्यास युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या आयांवर झालेत. आपल्याकडच्या माणसांच्या आतड्यात प्रीव्होटेला जातीचे जीवाणू भरपूर असतात, धान्य-डाळींच्या जेवणामुळं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रानं भारतीय आतड्यांवर बरंच काम केलंय. पण ऊसतोडीवरच्या गरोदर बाईचा पाच-दहा वर्षं पाठपुरावा करणं म्हणजे तिच्यासोबत फडाफडानं फिरावं लागेल.

बाभळीची_सावली

आमच्या घरी सासूबाई माझ्या गरोदर जावेला रोज तुपातला शिरा, बदाम, केशर-दूध चारायल्यात. भाकर बंद केली, म्हणे जड पडते. हे बरोबर का?

परभणीकर

@बाभळीची_सावली ताई, आमच्या विषयात शिरलात! कृषी विद्यापीठाच्या गावचा आहे, ज्वारीवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या मोठ्या आतड्यातले कामाचे जीवाणू तूप-साखरेवर जगत नाहीत. ते वरच्या आतड्यात पचून जातं, खालपर्यंत काही पोचतच नाही. खाली पोचतो तो चोथा, कोंडा, डाळीचा न पचलेला भाग. तो आंबवून जीवाणू ब्युटिरेट, प्रोपिओनेट असली आम्लं बनवतात. रब्बीची मालदांडी ज्वारी, सोबत तुरीचं वरण, करडईची नाहीतर अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मराठवाड्याचं हे ताट जंतूंच्या हिशेबानं श्रीमंत आहे. सकाळची भाकर संध्याकाळी ताकात कुस्करून खातात ना, तिला नाव ठेवू नका. शिजलेलं पीठ थंड झालं की त्यातला काही स्टार्च न पचणारा होतो आणि तोही खालच्या मंडळींना मिळतो.

पण ज्वारी ताटातून चालली हे खरं. रेशनला गहू-तांदूळ, शेतात सोयाबीन. शाळू पेरणारे कमी झाले, काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कोण बसणार. २०१८ साली आमच्या विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' हे वाण आणलं, लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी. गरोदर बाईच्या घरी चार ओळी तरी असावं असं वाण. किती जणांनी नाव ऐकलंय इथं?

मांजराकाठची

@परभणीकर, मी नव्हतं ऐकलं, बियाणं मिळत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

तुमच्या मुद्द्याला धरून. २०२० मध्येच जपानमधल्या गटानं गाभण उंदरिणींना चोथा कमी असलेलं खायला घातलं. पिलं पुढं लठ्ठ झाली, साखर वाढली. गरोदरपणात प्रोपिओनेट दिलं तर बरंचसं टळलं. हा वागण्याचा अभ्यास नाही, चयापचयाचा आहे, पण वाट तीच: आईनं खाल्लेला कोंडा, आतड्यात आम्ल, रक्तातून गर्भ.

@बाभळीची_सावली, तूप-शिरा खाऊ दे हौसेनं, डोहाळे आहेत. भाकर बंद करू नका एवढंच.

आशा_गावाकडची

मी आशा आहे, बारा-पंधरा वाड्या-तांडे बघते. मोबाईलवर टाईप करते, समजून घ्या.

कयाधूकाठ दादा, जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत एकदाच देतो आम्ही, पहिल्या तीन महिन्यात नाही. ती घ्यायची.

भाकर-भाजीचं सगळे सांगतात. पण खेडेगावात सून शेवटी जेवायला बसते हो. कालवणात फोडी संपलेल्या, पातळ रस्सा राहतो. मी घरी गेले की आधी दुरडी आणि पातेलं बघते, मग कार्ड. सासूला नुस्तं सांगून होत नाही. मी म्हणते, मावशी, आज मी आणि ही संगं जेवतो, वाढा. मग तिला ताटात चार गोष्टी पडतात, आणि मावशीलाही राग येत नाही.

दुसरं, माती. भाजकी माती, चुलीचा पोपडा, पाटीवरची पेन्सिल, बाया लपवून खातात. अंगात रक्त कमी असलं की असं होतं. ओरडून सुटत नाही, लोहाच्या गोळ्या पोटात गेल्या की महिनाभरात ओढ कमी होते. पण गोळ्या खात नाहीत. शी काळी होते, मळमळतं, संडासला कडक होतं, मग डब्यात टाकून देतात नाहीतर उकिरड्यावर. तिथं मी सांगते: काळी शी म्हणजे गोळी काम करायली, भिऊ नको. रात्री जेवून झोपताना घे, चहावर घेऊ नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. पाणी भरपूर. एकशे ऐंशी गोळ्या असतात, पदरात बांधून ठेवायला नाही दिल्या.

जंतूंचं मला समजत नाही. पण ज्या बाईचं पोट साफ, झोप होते, दोन घास जास्त जातात तिचं बाळंतपण बरं जातं, एवढं दिसतं.

डॉ_बालाघाट

आशाताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या इंटर्नांना वाचून दाखवणार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय निघाला. गर्भाच्या मेंदूला लोह लागतं याबद्दल शंकेला जागा नाही. पावडरीच्या आधी ते.

सिंदफणा

ताक-दही म्हणजे नैसर्गिक प्रोबायोटिकच ना? मग पावडर कशाला, रोज गवळ्याकडचं कच्चं दूध आणि घरचं ताक.

डॉ_बालाघाट

ताक हो, कच्चं दूध अजिबात नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, गर्भ पडू शकतो. दूध उकळा, मग विरजण लावा. आणि दही-ताक पौष्टिक आहे म्हणून घ्या, त्यानं लेकराचा स्वभाव घडतो म्हणून नको.

गोळी-पावडरीच्या चाचण्या झाल्यात, त्या सांगून टाकतो. फिनलंडमध्ये बाळंतपणाआधी चार आठवडे आयांना आणि पुढं सहा महिने बाळांना एक लॅक्टोबॅसिलस दिला. तेरा वर्षांनी ७५ मुलं तपासली. जीवाणू नसलेली नुसती दिखाऊ पावडर मिळालेल्या गटात सहा जणांना एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न लागणं) किंवा अॅस्पर्जर (ऑटिझमचाच एक प्रकार) निघाला, जीवाणू मिळालेल्या गटात कुणालाच नाही. २०१५ चा अभ्यास. जाहिरातवाले हाच दाखवतात. पण मूळ चाचणी अॅलर्जीसाठी होती आणि मुलं फक्त पंचाहत्तर. न्यूझीलंडच्या गटानं त्याच्या जवळचा जीवाणू वापरून मोठी चाचणी केली, मुलं अकरा वर्षांची झाल्यावर बुद्धी, वागणं, मनःस्थिती तपासली. काही फरक नाही. हे २०१८ चं. मेसेजमध्ये हा दुसरा अभ्यास कधी दिसला का तुम्हाला?

गोदेची_माय

इतके दिवस नुसती वाचक होते. नांदेडची आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे.

निदान झाल्यापासून मला लोकांनी काय काय विचारलं ते सांगते. सातव्या महिन्यात ग्रहणात बाहेर गेली होतीस का. पपई खाल्लीस का. मोबाईल उशाशी ठेवायचीस का. सिझरला लगेच हो का म्हणालीस. आता हे नवीन आलंय. परवा नणंदेनं हाच मेसेज पाठवला, खाली लिहिलं, 'तेव्हा माहीत असतं तर'. पाच शब्दसुद्धा नाहीत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तेव्हा मला टायफॉईड झाला होता, अँटिबायोटिक घेतल्या होत्या. मला एकच विचारायचंय. त्यामुळं झालं का?

डॉ_बालाघाट

ताई, टायफॉईडवर औषध घेतलं नसतं तर तुम्ही किंवा बाळ वाचलं नसतं असं होऊ शकलं असतं. ते औषध बरोबर होतं.

ऑटिझममध्ये सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, अनेक जनुकांचा मिळून. उंदरावरच्या प्रयोगातून एखाद्या बाईला 'तुझ्यामुळे' म्हणता येत नाही, कुठलाही प्रामाणिक संशोधक म्हणणार नाही. आणखी एक सांगतो. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आतड्यात जीवाणूंचे प्रकार कमी दिसतात हे पूर्वीपासून लिहिलं जायचं, आणि त्यावरून जंतूंमुळे ऑटिझम असं म्हटलं जायचं. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गटानं मुलांच्या खाण्याची नोंद ठेवून तपासलं, तर गाडी उलटी निघाली. ही मुलं मोजकंच खातात, एकाच चवीचं, एकाच पोताचं. मोजकं खाल्ल्यानं जंतूंचे प्रकार कमी होतात.

गोदेची_माय

तो फक्त पांढरा भात आणि बिस्किटं खातो. वरण दिसलं की ताट ढकलतो.

मांजराकाठची

@गोदेची_माय ताई, नणंदेचा मेसेज डिलीट करा. नाहीतर उत्तरादाखल या धाग्याची लिंक पाठवा, मी बघते तिच्याकडं.

आशा_गावाकडची

ताई, भात खातो ना, मग त्याच भातात चमचाभर मुगाची पेज घालून बघा, रंग बदलणार नाही इतकीच. आमच्या तांड्यावर एक लेकरू असंच आहे, त्याच्या आईनं असं हळूहळू वाढवलं. एकदम नाही.

औंढ्याचा_म्हातारा

सगळं आईवरच का? बापाचं काहीच नाही? आम्ही तंबाखू मळायला मोकळे?

डॉ_बालाघाट

काका, नेमका प्रश्न! २०२४ मध्ये रोमच्या प्रयोगशाळेतून आलंय. नर उंदरांचे आतड्यातले जीवाणू अँटिबायोटिकनं बिघडवले, मग त्यांचा संग चांगल्या मादीशी. पिलं कमी वजनाची झाली, काही लवकर मेली, कारण वारच नीट वाढली नाही. संगाआधी नराचे जंतू पूर्ववत होऊ दिले तर दोष गेला. उंदरातलंच आहे, लगेच माणसाला लावायचं नाही, पण पावडर विकणाऱ्यांनी अजून नवरदेवासाठी डबा काढला नाही याचं आश्चर्य वाटतं.

हुरडा_पार्टी

काढतील. निळ्या रंगाचा.

मांजराकाठची

भावजयीशी बोलणं झालं. तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं की पावडर घ्यायची नाही, चव बेकार लागते म्हणे. मैत्रिणीकडं चाखून आली होती. मी इकडं जपान-स्वीडन करत बसले. पावडरीच्या पैशांतून तिच्या दुपारच्या धुण्याभांड्याला बाई लावायचं ठरलंय. पाठ टेकायला मिळेल.

@कोयता_नको_पेन, तुमच्या प्रतिसादानंतर माझा मूळ लेख मलाच शहरी वाटायला लागला. तुमच्याकडून यंदा कुणी दोन जिवाची जाणार आहे का टोळीत?

कोयता_नको_पेन

चुलतभावाची बायको. दसरा झाला की निघतील, तवा तिला चौथा महिना लागल. नको जाऊ म्हणलं, पण उचल घेऊन झाली. आशाताई, संगं काय द्यावं?

आशा_गावाकडची

मास्तर, आधी तिची नोंद गावात झाली का बघा. माता-बाल कार्ड संगं पाहिजे, त्यावरचा आरसीएच नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कार्ड कोपीत भिजतं. त्या नंबरावर कुठल्याही जिल्ह्यात तपासणी होते. जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्त-लघवी तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या दोन महिन्यांच्या मागून घ्या, सिस्टर देते, जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर तिथंच घ्यायला सांगा. कारखान्याचं गाव कोणतं ते कळवा, तिथल्या आशाचा नंबर मी शोधते, आमचे ग्रुप असतात. लघवीला जळजळ झाली तर दुकानातली गोळी नको, सरकारी दवाखान्यात जाऊन पूर्ण कोर्स घ्यायचा. आणि पाच लिटरचा एक कॅन तिचा एकटीचा, दिवसात संपलाच पाहिजे. आडोशाला जुनी साडी आणि चार बांबू मुकादमाकडून आधीच ठरवून घ्या, तिथं गेल्यावर कुणी देत नाही.

कोयता_नको_पेन

लिहून घेतलं. कारखान्याचं नाव व्यनि करतो. मुकादम माझ्याच वर्गातल्या पोराचा बाप आहे, बांबूचं उद्याच बोलतो.